छाती छत्तीस, पण उंची किती? : शीथ ड्रेस आणि आपली मापाची पुस्तकं

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)

समोर शिवणवर्गाच्या मुली बऱ्याच दिसताहेत, मागे काही टेलरबंधू आहेत आणि नेहमीची साहित्यातली मंडळीही आली आहेत. साहित्यातल्या मंडळींना विषय वाचून प्रश्न पडला असेल, की समीक्षेच्या व्याख्यानात ड्रेस कुठून आला? तर माझं म्हणणं असं, की ज्या पुस्तकांनी महाराष्ट्रातल्या हजारो बायकांच्या अंगावर काय आणि कसं बसेल हे ठरवलं, ती पुस्तकंही कधीतरी समीक्षेला घ्यायला हवीत. कादंबरी फसली तर आपण ती मिटून ठेवतो. मापाचं पुस्तक फसलं तर ते बाईच्या अंगावर दिसतं, आणि तिला वाटत राहतं की आपलं अंगच बेढब आहे. म्हणून आज एक कपडा घेऊ, एक बांधा घेऊ आणि त्यावर आपली पुस्तकं तपासून पाहू.

कपडा आहे शीथ ड्रेस. शीथ म्हणजे म्यान. तलवारीला म्यान बसावी तसा अंगासरशी बसणारा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतरणारा वन-पीस. याला सहसा कमरेवर जोड नसतो, घेर नसतो, चुण्या नसतात. छातीचा टक्स, कमरेवर दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा माशासारखा टक्स, मागे चेन आणि चालता यावं म्हणून मागे खाली एक काप. संपला ड्रेस. १९६१ साली ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ आला, त्यातला ऑड्री हेपबर्नचा जिव्हान्शीनं केलेला काळा पोशाख याच घराण्यातला, फक्त पायघोळ. जॅकलीन केनेडीनं त्याच काळात गुडघ्यापर्यंतचा शीथ जगभर नेला. या दोघी पाच फूट सात इंचांच्या आसपासच्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि बांधा? इंग्रजीत त्याला पेटीट म्हणतात. मराठीत आपल्याकडे ‘बुटकी’ आहे, ती शिवी वाटते. ‘ठेंगणीठुसकी’ आहे, त्यात चेष्टा आहे. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हे सांत्वन झालं. कमी उंचीच्या बाईला सरळ नाव देणारा शब्द आपण केला नाही. मी आज ‘ठेंगणी’ म्हणणार आहे, चेष्टा वगळून.

आता हाच कपडा का निवडला? कारण तो काहीच लपवत नाही. साडी ही जगातली सगळ्यात समजूतदार वस्तू आहे. बाई साडेचार फुटांची असो की पावणेसहा, कमरेला खोचताना उंची आपोआप जमते. सलवार-कमीजला घेर आहे, बाजूला काप आहेत, वर ओढणी आहे. शीथमध्ये जागाच नाही. अर्धा इंच चुकला की तो अर्धा इंच दिसतो. शिवणाऱ्याच्या दृष्टीनं ही परीक्षेची वस्तू आहे, आणि त्याहून जास्त ती पुस्तकाची परीक्षा आहे.

आधी ‘पेटीट’ या शब्दाचा हिशेब करू. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी शेतीखात्यानं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा तो अहवाल १९४१ साली निघाला. अंतिम हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. तयार कपड्यांच्या अमेरिकी साइझच्या तक्त्यांमागे हे काम आहे. साधारण १९४०च्या दशकातच हॅना ट्रॉय या तिथल्या ड्रेसवालीनं ठेंगण्या बायकांसाठी वेगळी साइझ बाजारात आणली. तिचा मुद्दा साधा होता: पुष्कळ बायकांचा खांदा ते कमर हा भाग तक्त्यापेक्षा आखूड असतो. तेव्हापासून तिकडे पाच फूट चार इंचांच्या आतली बाई ती पेटीट, असं ठरून गेलं.

पाच फूट चार म्हणजे १६३ सेंटिमीटर. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाच फूट. म्हणजे त्यांची व्याख्या इथे लावली तर या सभागृहातल्या बहुतेक सगळ्या पेटीट! (हशा) हसू नका, हा गंभीर मुद्दा आहे. तिकडे जो अपवाद म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात टांगला जातो, तो आपल्याकडे नियम आहे. आणि आपण मात्र त्यांचा नियम घेऊन बसलो आणि स्वतःला अपवाद समजायला लागलो. आपला जिल्हा कपाशीचा. कापूस इथला, अंग इथलं आणि माप मात्र बाहेरगावचं.

बाहेरचं माप आपल्या पुस्तकांत कसं शिरलं ते पाहू. मराठीत शिवणकामाचं पुस्तक म्हटलं की झारापकरांचं नाव पहिलं येतं. त्यांच्या पद्धतीवर, त्यांच्या दादरच्या कॉलेजातून आणि पुस्तकांतून पिढ्या शिकल्या, त्यांनी घरं चालवली. मी कुणा एका लेखकावर बोलत नाही. ज्या परंपरेत ‘एका मापावरून बाकीची मापं काढा’ असं शिकवलं जातं, त्या सगळ्या परंपरेबद्दल बोलते आहे. त्या परंपरेचे दोन खांब आहेत.

पहिला खांब म्हणजे आठ डोक्यांचा सिद्धांत. शिवणवर्गाच्या मुलींना तो पाठ असेल. उंचीचे आठ समान भाग करायचे. पहिला भाग डोक्याचा, दुसरा छातीपर्यंत, तिसरा कमरेपर्यंत, चौथा सीटपर्यंत आणि असं करत खाली तळव्यापर्यंत. वहीत आकृती फार सुंदर दिसते. आता टेप घ्या आणि शेजारणीचं डोकं मोजा, टाळूपासून हनुवटीपर्यंत. साडेआठ इंचांच्या जवळपास भरेल. पाच फुटांची बाई म्हणजे ६० इंच. ६० भागिले आठ, साडेसात. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबानं तिचं डोकं साडेसात इंचांचं असायला हवं! ते नसतं. माणसाची उंची कमी झाली म्हणून डोकं त्याच प्रमाणात लहान होत नाही. ठेंगणी बाई ही सात डोक्यांची असते, थोडी इकडेतिकडे. आठ डोक्यांची आकृती चित्रकलेच्या आदर्शातून आली आहे, मोजणीतून आलेली नाही. पाया सरकला की त्यावर मोजलेली छाती, कमर, सीट सगळंच सरकतं.

इथे मला आपल्या शिल्पशास्त्राची आठवण होते. मूर्तिकारांकडे ‘ताल’ हे माप होतं, चेहऱ्याच्या लांबीवर बेतलेलं. पण त्यांनी एकच कोष्टक सगळ्यांना लावलं नाही. थोर देवतांना दशताल, नवताल, माणसाला त्याहून कमी, गणपतीला पंचताल. वेरूळच्या लेण्यांतले बुटके गण पाहा. त्यांचं डोकं, पोट, पाय यांचा आपसातला हिशेब वेगळा आहे आणि म्हणून ते जिवंत वाटतात. देवाची मूर्ती नुसती आखूड केली असती तर गण झाला नसता, बाहुली झाली असती. हे पाथरवटाला कळत होतं. शिवणकामाच्या पुस्तकानं मात्र सगळ्यांना एकच कोष्टक दिलं.

दुसरा खांब छातीचा. मुंढ्याची खोली किती, तर छातीचा अमुक हिस्सा अधिक-उणे तमुक. कुठे चौथा हिस्सा, कुठे सहावा, कुठे आठवा. आता दोन बायका घ्या, दोघी चार फूट अकरा इंचांच्या. एकीची छाती ३२, दुसरीची ४०. खांदा ते काख हे उभं अंतर दोघींचं फार वेगळं नसतं. पण चौथ्या हिश्शाचं सूत्र दुसरीला दोन इंच जास्त खोल मुंढा देतं, आणि आठवा हिस्सा धरला तरी एक इंच जास्त. आडव्या मापावरून उभं माप काढण्याचा हा परिणाम. ती बाई वर्गात फळ्यावर लिहायला हात वर करते, तर अख्खा ड्रेस वर चढतो. बसमध्ये दांडा धरता येत नाही. बिनबाहीचा असेल तर आतलं सगळं दिसतं, मग ती पिना लावते. पिना लावून दिवस काढणाऱ्या किती बायका आपण पाहतो! त्यांना वाटतं, ‘मी जाड आहे म्हणून.’ बाई जाड असेल-नसेल, मुंढा खोल आहे ही गोष्ट नक्की. उंची कमी म्हणजे अंग बारीक, हा पुस्तकाचा छुपा समज आहे आणि तो आपल्या घराघरांत रोज खोटा ठरतो.

आता प्रत्यक्ष कापडावर येऊ. ठेंगण्या बाईनं तयार वन-पीस घेतला, ऑनलाइन मागवला, की ती तो टेलरकडे नेते. टेलर म्हणतो, ‘लांबी कमी करून देतो.’ खालून चार इंच कापतो. काय झालं बघा. शीथ खाली जरा निमुळता असतो. खालून कापल्यावर सगळ्यात अरुंद भागच गेला, तळाशी ड्रेस पसरट झाला. मागचा काप अर्धा गेला, चालताना पाय अडतो. चूक होती वर आणि दुरुस्ती केली खाली.

आकड्यांत सांगते. समजा तक्त्यात मागची कंबर, म्हणजे मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत, १६ इंच आहे आणि कमरेपासून सीट साडेआठ. आपल्या बाईची मागची कंबर भरली पावणेपंधरा आणि सीट साडेसातवर आली. म्हणजे कमरेपर्यंत सव्वा इंच आणि कमरेखाली एक इंच, एकूण सव्वादोन इंच कापड मान आणि सीट यांच्यामध्ये जास्तीचं आहे. खालून तुम्ही चार काय, सहा इंच कापा, ते सव्वादोन इंच जागचे हलत नाहीत. मागे कमरेवर झोळ होऊन बसतात. पुढे टक्सचं टोक छातीच्या खाली जातं. ड्रेसची कमर पोटावर येते आणि तिथे आवळते. टेलर म्हणतो, ‘बाजूनं आत घेऊ.’ बाजूनं आत घेतलं की सीटवर ताण येतो आणि झोळ आणखी वर सरकतो.

हे सव्वादोन इंच जिथे जास्त आहेत तिथूनच काढायचे. कागदाच्या पॅटर्नवर तीन आडव्या घड्या. पहिली मुंढ्याच्या मधोमध, अर्धा इंच. दुसरी छाती आणि कंबर यांच्यामध्ये, पाऊण इंच. झाला सव्वा. तिसरी कंबर आणि सीट यांच्यामध्ये, एक इंच. पुढच्या आणि मागच्या भागावर घड्या सारख्याच घ्यायच्या, नाहीतर बाजूची शिवण जुळणार नाही. मुंढ्यात अर्धा इंच घेतला तर बाहीच्या गोलाईतही तेवढा घ्यायचा. घडी घातल्यावर कडा पायऱ्यांसारख्या होतात, त्या नव्यानं गोल आखायच्या. टक्सही नव्यानं आखायचे, कारण त्यांची लांबी बदलली. आणि मग, सगळ्यात शेवटी, गुडघ्याशी लांबी ठरवायची आणि मागचा काप त्या लांबीवरून मोजायचा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, कुणी वहीत सूत्र म्हणून लिहून घेऊ नका. नाहीतर आणखी एक चुकीचं पुस्तक माझ्या नावावर लागेल. (हशा)

आता पुस्तकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. समीक्षा म्हणजे नुसतं उणं काढणं नव्हे. सूत्रांनी एक मोठं काम केलं. जिला भूमिती शाळेत नीट शिकवली गेली नव्हती, तिला छातीच्या एका मापावर ब्लाऊज बेतता आला. दुसरं कारण आपण बोलत नाही. टेलर पुरुष, गिऱ्हाईक बाई. सिंधी बाजारातल्या दुकानात उभं राहून, चार माणसांदेखत, परक्या पुरुषाला किती मापं घेऊ द्यायची? म्हणून आपल्याकडे ‘मापाचा ब्लाऊज’ निघाला. पोराच्या हाती जुना ब्लाऊज पाठवला की काम झालं. कमी मापांत जास्त काढून देणारं सूत्र हे त्या संकोचावर शोधलेलं उत्तर होतं आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आज माप घेणाऱ्या तुम्ही आहात, मुलीच. दार लावून, निवांतपणे, बाईनं बाईचं माप घ्यायची सोय झाली आहे. संकोच गेला आणि सूत्र मात्र राहिलं, हा माझा आक्षेप आहे.

शिवाय आपली लेडीज टेलर या बाबतीत कच्ची नाही. ब्लाऊज शिवताना ती काय करते? टक्स पॉइंट मोजून घेते. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं ते अंतर ती कुठल्याही सूत्रावर सोडत नाही, कारण ब्लाऊज फसला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. तिथे तिला पक्कं ठाऊक आहे, की प्रत्येक बाईचा हिशेब वेगळा. पण तीच वन-पीस शिवायला बसली की हात थरथरतो. ‘फॅशनचा’ कपडा म्हणून ती मोबाइलमधला तक्ता काढते. अहो, शीथ म्हणजे गुडघ्यापर्यंत वाढवलेला ब्लाऊजच आहे! जे ज्ञान हातात आहे ते कमरेखाली न्यायचं, एवढंच राहिलं आहे.

आणखी एका लिखाणाची झडती घ्यायची आहे. ठेंगण्या बायकांना दिले जाणारे सल्ले. उभ्या रेघा घाला, खोल गळा घ्या, रुंद पट्टा नको, मोठी फुलं नकोत, टाचा घाला. मासिकांतून, व्हिडिओंतून हेच. या सगळ्याचा मतितार्थ एकच, की उंच दिसा. कपडा नीट बसावा याबद्दल त्यात अक्षर नाही. जिची कमर कमरेवर आली आहे, खांदा खांद्यावर आहे, हात वर जातो आणि खाली वाकता येतं, तिला उभ्या रेघांची गरज काय? मोठी फुलं आवडली तर घालू दे. ड्रेस बसला नाही म्हणून तिला रेघांच्या आड लपवायचं, हा शिवणाऱ्यानं आपला दोष गिऱ्हाइकाच्या उंचीवर ढकलण्याचा प्रकार आहे.

मग करायचं काय? माझी मागणी छोटी आहे. नेहमीच्या गोल मापांच्या जोडीला पाच उभी मापं. कमरेला नाडी बांधा, म्हणजे कमर कुठे आहे यावर वाद राहत नाही. एक, खांदा ते छातीचं टोक. दोन, खांदा ते कमर, पुढून. तीन, मानेचं हाड ते कमर, मागून. चार, कमर ते सीटचा सर्वांत रुंद भाग. पाच, कमर ते गुडघा. मग मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा एक कच्चा ड्रेस धावदोऱ्यानं जोडून अंगावर घालून पाहा. बाईला बसवा, हात वर करायला लावा, दोन पायऱ्या चढायला सांगा. सुती कापड असेल तर कापायच्या आधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी मेहनत आटेल.

आणि ती पाच मापं वहीत लिहून ठेवा. निफ्टनं ‘इंडिया साइझ’ नावाचा मोठा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत २५ हजारांहून जास्त लोकांची त्रिमिती स्कॅनरनं मापं घ्यायची. फार चांगलं काम आहे. पण त्या शहरांत महाराष्ट्रातून मुंबई आहे, जालना नाही. भोकरदनच्या, मंठ्याच्या, घनसावंगीच्या बाईचं अंग मोजणारा स्कॅनर म्हणजे तुम्ही. वर्षभर वह्या नीट ठेवल्यात, दहा जणींनी त्या एकत्र केल्यात, नावं गाळून, तर या जिल्ह्याचा स्वतःचा तक्ता तयार होईल. पुस्तकावर खरी टीका लेख लिहून होत नाही, दुसरं पुस्तक लिहून होते. ते तुमच्या खतावणीत आहे. एवढं बोलून थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न (शिवणवर्गातली एक मुलगी): ताई, गिऱ्हाईक घाईत असतं. पाच मापं वेगळी घ्यायची तर शिलाई वाढवून मागता येत नाही. मग परवडायचं कसं?

उत्तर: तुझा प्रश्न सगळ्यात खरा आहे. पाच मापांना दोन-तीन मिनिटं लागतात. आता सांग, एक वन-पीस उसवून परत शिवायला किती वेळ लागतो? (मुलगी: अर्धा दिवस जातो.) त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुणी देतं? नाही देत. आज ती फुकटची मेहनत तू करतेच आहेस, फक्त शिवल्यानंतर करते आहेस. ती आधी आण. आणि एकदा मापं लिहिलेली असली की दुसऱ्या खेपेला बाई न येता नुसतं कापड पाठवते. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोते): विषय छान मांडलात, पण हा ड्रेस आपल्याकडे घालतं कोण? जालन्यात त्याची एवढी चर्चा कशाला?

उत्तर: काका, घालणाऱ्या आहेत. कॉलेजच्या निरोप समारंभाला जाऊन बघा, मुलाखतींना संभाजीनगर-पुण्याला निघालेल्या मुलींच्या बॅगा बघा. पण समजा एकीनंही घातला नाही, तरी सरळ कुर्ती आहे. ती आज मामा चौकात दर दुसऱ्या बाईच्या अंगावर आहे आणि तिची आखणी हीच आहे. परिचारिकेचा गणवेश, शाळकरी मुलीचा ट्युनिक, सगळीकडे खांदा, छाती, कमर, सीट हीच चार ठिकाणं चुकतात. शीथ मी मुद्दाम घेतला, कारण त्यात चूक झाकता येत नाही. तुमच्या घरातल्या सुनेची, नातीची कुर्ती मागे कमरेवर गोळा होत असेल ना? आज घरी गेल्यावर बघा. होत असेल तर तिला उंची वाढवायला सांगू नका, टेलर बदलायला सांगा. किंवा इथल्या या मुलींकडे पाठवा.